पितृऋण आणि वैर

पुत्र हा पित्याचा ऋणी असतो, असें आपलीं शास्त्रें सांगतात. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण हीं तीन ऋणें घेऊनच मनुष्य जन्मास येतो. यज्ञानें पहिलें, अध्ययनानें दुसरें आणि संततीनें तिसरें फिटतें, अशी व्यवस्था धर्मग्रंथांनीं लावून दिली आहे. हें सर्व आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु या व्यवस्थेंत एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो प्रत्येक पिढींत कोठें ना कोठें उभा राहतोच. पित्यानें जी इस्टेट मागें ठेविली, तिच्याबरोबर त्याचें पापही पुत्राच्या वांट्यास येतें काय? पित्याचा मार्ग अधर्माचा असेल, तर त्या मार्गानें न जाणारा पुत्र कृतघ्न ठरतो, कीं कुलाचा उद्धारक ठरतो? आणि घरांतील माणसाचा कोणी घात केला, तर घरच्यांनीं रक्तानें रक्त धुवावें, कीं दुसरें कांहीं करावें?

अशा प्रश्नांचा निकाल नुसत्या वचनांनीं लागत नाहीं; त्यास एखाद्या घराची हकीकत लागते. या महिन्यांत आम्ही जी हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों ती आपल्या देशांतील नाहीं. ती इटलीच्या दक्षिणेकडील सिसिली बेटांतील आहे. तरीपण एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसांस ती परकी वाटणार नाहीं, अशी आमची खात्री आहे. कारण तींत बाप आहे, मुलगा आहे, आई आहे, सोयरेधायरे आहेत, आणि चारचौघांत घराचें नांव राखण्याची ती जुनी काळजीही आहे.

'माफिया' हा शब्द आज पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र ऐकूं येतो. त्याचें माहेर सिसिली. एकोणिसाव्या शतकांत तेथील मोठमोठे जमीनदार पालेर्मोसारख्या शहरांत राहत आणि आपल्या जमिनी मक्त्यानें देत. मक्तेदारांनीं बंदुका घेतलेले रखवालदार पदरीं ठेविले. पुढें पुढें या मंडळींनीं शेतकऱ्यांसही नागविलें आणि मालकांसही धाक घातला. सरकार दूर आणि दुबळें. कचेरींत न्याय मिळेना. तेव्हां तंटे तोडणें, चोरीस गेलेलीं जनावरें परत आणून देणें, लिंबांच्या बागांचें 'रक्षण' करणें हीं कामें या लोकांनीं आपल्याकडे घेतलीं, आणि त्यांचें मोल खंडणीच्या रूपानें वसूल केलें. ज्या बागवानास रक्षण नको असे, त्याच्या झाडांवर रात्रींतून कुऱ्हाड पडे.

त्यांच्या टोळीस ते 'कुटुंब' म्हणतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नवा माणूस टोळींत घेतांना त्याच्या बोटांतून रक्ताचा थेंब काढून तो एका संताच्या चित्रावर लावितात, तें चित्र त्याच्याच हातांत जाळितात, आणि 'द्रोह केल्यास माझें शरीर असेंच जळो' अशा अर्थाची शपथ त्याजकडून घेववितात. राजसत्तेस अवाक्षर सांगावयाचें नाहीं, आणि अपमानाचा हिशेब आपला आपणच चुकता करावयाचा, हे त्यांचे दोन मुख्य नियम. कुलाचा अभिमान, वडिलांचा मान, दिल्या शब्दाची किंमत, आपल्या माणसाविरुद्ध बाहेर न बोलणें, असे जे जे संस्कार आपणांस पवित्र वाटतात, ते सर्व त्या मंडळींनीं उचलले आणि त्यांच्या आड दरोडेखोरीचा धंदा चालविला. सद्गुणाचें कातडें पांघरून आलेला दुर्गुण ओळखणें कठीण असतें, तें असें.

चिनिसी हें पालेर्मोच्या पश्चिमेस सुमारें ३० किलोमीटरांवर, डोंगर आणि समुद्र यांच्या मध्यें वसलेलें एक लहानसें गांव. तेथील लुईजी इम्पास्तातो हा या वर्तुळांतला माणूस. मुसोलिनीच्या अमदानींत अशा लोकांस दूरच्या बेटांवर नेऊन ठेवीत. लुईजीसही उस्तिका बेटावर दिवस काढावे लागले होते. त्याची बहीण गांवच्या टोळीचा नायक चेझारे मान्झेल्ला यास दिलेली होती. म्हणजे सोयरीकही त्याच वर्तुळांतली. लुईजीचें लग्न १९४७ सालीं फेलीचा बार्तोलोत्ता हिच्याशीं झालें. तिचें माहेर या धंद्यांतलें नव्हतें. पुढच्याच वर्षीं, ५ जानेवारी १९४८ रोजीं, त्यांस पहिला मुलगा झाला. त्याचें नांव जुझेप्पे. पण घरांत आणि गांवांत त्यास सर्व पेप्पीनो म्हणत.

मुलगा पंधरा वर्षांचा असतांना, २६ एप्रिल १९६३ रोजीं, त्याच्या आत्याचे यजमान मान्झेल्ला यांचा प्रतिस्पर्धी टोळीनें स्फोटकांनीं भरलेल्या मोटारीच्या साहाय्यानें घात केला. त्या जगाच्या रीतीप्रमाणें अशा वेळीं घरांतल्या पोरानें दांतओठ खाऊन सुडाची शपथ घ्यावयाची असते. पेप्पीनोनें तसें केलें नाहीं. ज्या व्यवहाराचा शेवट हा असा होतो तो व्यवहारच मुळांत काय आहे, याचा तो विचार करूं लागला. आणि एकदां विचार सुरू झाला म्हणजे तो उंबरठ्यापाशीं थांबत नाहीं.

१९६५ सालीं, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षीं, त्यानें मित्रांसह एक लहानसें पत्र काढिलें. माफिया हा घाणीचा डोंगर आहे, असें त्या पत्रांत त्यानें उघड उघड लिहिलें. गांवांत जी गोष्ट कोणी कुजबुजतही नसे ती छापून आली, आणि तीही टोळींतल्याच माणसाच्या मुलाच्या हातून! बापानें त्यास घराबाहेर काढिलें. आई मात्र नवरा घरांत नसे तेव्हां मुलास आंत घेई आणि जेवूं घाली. एका बाजूस पति आणि दुसऱ्या बाजूस पुत्र अशा कात्रींत सांपडलेल्या स्त्रिया आपल्याही घरांत कमी झालेल्या नाहींत. त्यांची ती चोरटी भाकरी किती कडू आणि किती गोड असते, हें आमच्या वाचक-भगिनींस आम्हीं सांगावयास नको.

पेप्पीनोचें राजकारण पुरें डाव्या बाजूचें होतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस तें रुचणार नाहीं, आणि आम्हांसही त्यांतील सर्व कांहीं रुचतें असें नाहीं. परंतु माणसाचें धैर्य मोजतांना त्याच्या पक्षाचें नांव विचारूं नये. चिनिसीच्या लगत पालेर्मोचा विमानतळ झाला होता. १९६८ च्या सुमारास त्याच्या नव्या धांवपट्टीसाठीं शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, तेव्हां तो त्यांच्या बाजूनें उभा राहिला. मान्झेल्लाच्या मागून गांवचा नायक झालेला गायतानो बादालामेंती याच विमानतळाच्या आश्रयानें अमेरिकेस मादक द्रव्यें पाठवीत होता. पेप्पीनोनें व त्याच्या मित्रांनीं शेजारच्या तेरासिनी गांवांत एक लहानसें आकाशवाणी केंद्र काढिलें. त्यावरून तो चिनिसीस 'माफियानगरी' म्हणे, आणि बादालामेंतीस एका अमेरिकन आदिवासी सरदाराच्या नांवाची मोडतोड करून असें टोपणनांव दिलें कीं, ऐकणारा घरांत बसून हंसल्यावांचून राहूं नये. धाकावर चालणाऱ्या सत्तेस शिव्याशापांचें भय नसतें. तिला भय असतें तें हंसण्याचें. ज्यास लोक हंसले त्यास ते फार दिवस भीत नाहींत.

या दोन्ही घरांमध्यें अंतर किती होतें? अवघें शंभर पावलें. एकाच रस्त्यावर वैरी राहत होता आणि बापाचा मित्रही तोच होता. याच शंभर पावलांवरून पुढें २००० सालीं निघालेल्या चित्रपटास नांव मिळालें, आणि त्यामुळें ही कथा इटलीभर घरोघरीं पोंचली.

आतां लुईजीचा विचार करूं. पुत्र पित्याच्या पापाविरुद्ध उभा राहिला, असें म्हटल्याबरोबर आपणांस प्रल्हाद आठवतो. पण लुईजी हा हिरण्यकशिपु नव्हता. त्यानें मुलास घराबाहेर काढिलें हें खरें. पण मुलाच्या जिवावर बेतलें आहे हें कळतांच त्याच्या मनांतला बाप जागा झाला. १९७७ सालीं तो अमेरिकेंतील नातलगांकडे गेला, आणि पेप्पीनोस मारावयाचें तर आधीं मला मारावें लागेल, अशा अर्थाचें तेथें बोलला. टोळीची शपथ एकीकडे आणि पोटचा गोळा एकीकडे, अशी ज्याची ओढाताण झाली तो मनुष्य दुष्ट होता असें एका शब्दांत म्हणून मोकळें होतां येत नाहीं. तो दुबळा होता. ज्या मित्रांच्या बळावर तो आयुष्यभर ताठ मानेनें हिंडला, त्यांच्याचकडे मुलाचे प्राण मागण्याची पाळी त्याजवर आली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत एका रात्रीं मोटारीच्या धडकेनें त्याचा अंत झाला. नोंद अपघात म्हणून झाली. घरच्यांच्या मनांतला संशय मात्र गेला नाहीं. मुलाच्या डोक्यावरचें उरलेंसुरलें छत्र त्या रात्रीं गेलें.

पुढें आठ महिनेही लोटले नाहींत. १९७८ च्या मे महिन्यांत गांवच्या नगरपालिकेची निवडणूक होती आणि पेप्पीनो उमेदवार होता. ८ व ९ मे यांच्या मधल्या रात्रीं त्यास पकडून नेण्यांत आलें, ठार करण्यांत आलें, आणि त्याचें शरीर रेल्वेच्या रुळांवर ठेवून स्फोटकांनीं उडवून देण्यांत आलें. हेतु हा कीं, रेल्वे उडवावयास गेलेला हा अतिरेकी आपल्याच बाँबनें मेला असें जगास वाटावें. तपास करणाऱ्यांनीं तीच गोष्ट उचलून धरिली. आत्महत्येचीही शक्यता पुढें केली. त्याच दिवशीं रोममध्यें माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचें प्रेत सांपडल्यामुळें सर्व देशाचें लक्ष तिकडे वेधलें होतें. एका खेडेगांवांतल्या तीस वर्षांच्या तरुणाकडे कोण पाहणार? पण त्याच्या मित्रांनीं तो परिसर पायांखालीं घातला, आणि रुळांजवळच्या एका ओसाड घरांत रक्ताचे डाग पडलेले दगड शोधून काढिले. स्फोटापूर्वींच त्याजवर हल्ला झाला होता, याची ती साक्ष होती. आणि कांहीं दिवसांनीं झालेल्या निवडणुकींत गांवानें मेलेल्या पेप्पीनोस मतें देऊन निवडून आणिलें.

या ठिकाणीं कथेंतला खरा धर्मसंकटाचा प्रसंग येतो. नवरा गेला, मुलगा गेला. घरांत उरली फेलीचा आणि धाकटा मुलगा जोव्हान्नी. अमेरिकेंतले नातलग सुडास तयार होते. त्या लोकांच्या दृष्टीनें हें कर्तव्यच होतें: घरांतल्या माणसाचें रक्त सांडलें, आतां घरानें रक्त घ्यावें. फेलीचानें साफ नकार दिला. मला सूड नको, न्याय पाहिजे, अशी तिची भूमिका होती. आणि ती न्यायालयांत फिर्यादी पक्षाच्या बाजूनें उभी राहिली. सिसिलींत माफियाच्या घरच्या विधवेनें राजसत्तेच्या दारीं न्याय मागावयास जाणें, ही त्या काळीं केवढी गोष्ट होती! तिनें सासरच्या टोळीशीं असलेलें नातें तोडिलें, आणि जोव्हान्नीनेंही आईचीच वाट धरिली. ही बाई फार शिकलेली नव्हती. तरी आपल्या दोन्ही मुलांविषयींचें कर्तव्य तिला कळलें होतें: मेलेल्याची अब्रू सोडवावयाची, आणि जिवंत असलेल्यास खुनी होऊं द्यावयाचें नाहीं.

आमच्या वाचकांस येथें महाभारताची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. पिता परीक्षिताच्या मृत्यूचा सूड म्हणून जनमेजयानें सर्पसत्र आरंभिलें. एका तक्षकाच्या अपराधासाठीं सर्व सर्पकुलाची आहुति पडूं लागली. तो संहार थांबविला आस्तीकानें, आणि आस्तीकास त्या कामीं पाठविलें त्याच्या आईनें. पित्याच्या मृत्यूनें वेडा झालेला अश्वत्थामा रात्रीं शिबिरांत शिरला आणि झोंपलेल्या द्रौपदीपुत्रांस मारून बसला. त्यानें द्रोणाचार्य परत आले नाहींत. त्याच्या कपाळीं मात्र कायमची जखम आली. आणि त्याच अश्वत्थाम्यास अर्जुनानें बांधून आणिलें तेव्हां, पांचही पुत्र गमावलेल्या द्रौपदीनें त्यास सोडावयास सांगितलें, अशी कथा भागवतांत आहे. मी रडतें आहें तशी त्याची आई रडूं नये, हें तिचें कारण. सुडाचें चक्र थांबवावयाचें तर ज्यास सुडाचा सर्वांत मोठा अधिकार आहे त्यानेंच तें थांबवावें लागतें. दुसऱ्या कोणाच्या उपदेशास तेथें किंमत नसते. मात्र एक भेद सांगितला पाहिजे. फेलीचानें क्षमा केली नाहीं. अपराध्यास शिक्षा झालीच पाहिजे, पण ती कायद्यानें झाली पाहिजे, असा तिचा आग्रह होता. आणि आमच्या मतें गृहस्थाश्रमी माणसास हाच मार्ग योग्य आहे.

सुडाची वाट धरली असती तर काय झालें असतें, हेंही पाहण्यासारखें आहे. १९८१ पासून दोन-तीन वर्षें सिसिलींत टोळ्यांचें जें युद्ध पेटलें, त्यांत शेंकडों माणसें मेलीं. तोम्माझो बुशेत्ता हा त्या जगांतला मोठा असामी. त्याचे दोन मुलगे १९८२ सालीं नाहींसे झाले ते पुन्हां दिसले नाहींत, आणि भाऊ, जांवई, पुतणेही मारले गेले. शेवटीं त्यानें १९८४ सालीं न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यापुढें मौन सोडिलें, आणि त्या जबानीच्या आधारें १९८६ सालीं पालेर्मोस सुमारें पावणेपांचशें आरोपींचा तो प्रचंड खटला उभा राहिला. बायकामुलांस आम्ही हात लावीत नाहीं, अशी या टोळ्यांची बढाई असे. ती किती खरी, हें १९९३ सालीं दिसून आलें. सान्तो दि मात्तेओ नांवाच्या माणसानें साक्ष दिली म्हणून त्याच्या बारा वर्षांच्या मुलास घोडे शिकण्याच्या ठिकाणाहून पळवून नेलें, दोन वर्षांहून अधिक काळ कोंडून ठेविलें, आणि १९९६ च्या जानेवारींत त्याचा जीव घेतला. याहून अधिक त्या प्रकरणीं लिहिण्यास आमची लेखणी धजत नाहीं. बापाचें पाप मुलाच्या वांट्यास येतें तें हें असें.

फेलीचाची वाट लांबची होती. हा खून माफियानेंच केला असें १९८४ सालीं तपासी न्यायाधीशांनीं मान्य केलें, पण खुनी कोण तें ठरलें नाहीं. १९९२ मध्यें प्रकरण बंद झालें. पालेर्मोंतल्या उंबेर्तो सान्तिनो व आन्ना पुलिझी या दांपत्याच्या संशोधनकेंद्रानें कागदपत्रें जमवून पाठपुरावा सोडला नाहीं. टोळींतल्याच एका फुटलेल्या माणसाच्या जबानीवरून १९९६ सालीं प्रकरण पुन्हां उघडलें. २००० सालीं इटलीच्या संसदीय समितीनें, तपासास मुद्दाम भलती दिशा दिली गेली होती, असा निष्कर्ष काढिला. मार्च २००१ मध्यें बादालामेंतीच्या हाताखालच्या इसमास ३० वर्षांची, आणि एप्रिल २००२ मध्यें स्वतः बादालामेंतीस जन्मठेपेची शिक्षा झाली. तो त्या वेळीं मादक द्रव्यांच्या खटल्यांत झालेली ४५ वर्षांची शिक्षा अमेरिकेंत भोगीत होता. पुत्राच्या मृत्यूस तेव्हां चोवीस वर्षें होत आलीं होतीं. २००४ च्या एप्रिलमध्यें बादालामेंती तुरुंगांत मेला. त्याच वर्षीं डिसेंबरांत, ८८ व्या वर्षीं, फेलीचानें आपल्या घरीं डोळे मिटले. त्या घराचें दार तिनें कित्येक वर्षें शाळेंतल्या मुलांसाठीं उघडें ठेविलें होतें; आतां तें स्मृतिगृह झालें आहे. शंभर पावलांवरचें बादालामेंतीचें घरही सरकारनें जप्त करून लोककार्यास दिलें.

मधल्या काळांत कायद्याचेही डोळे उघडले. १९८२ सालीं इटलीनें अशा टोळीचा सभासद असणें हाच गुन्हा ठरविला आणि गुन्ह्याच्या पैशांतून झालेली मालमत्ता जप्त करण्याची सोय केली. मुंबईनें पाहिलेल्या टोळीयुद्धांनंतर आपल्या महाराष्ट्रानेंही १९९९ सालीं संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. पण कायदा दारापर्यंत येतो; घराच्या आंत काय चालावें, हें घरच्यांनींच ठरवावयाचें असतें.

कोणी म्हणेल, आपल्या पापभीरु घरांस या खुनी लोकांची कथा कशाला? वाचकहो, भाऊबंदकी हा शब्द आपल्याच भाषेंतला आहे. बांधाच्या वितीसाठीं तीन पिढ्या एकमेकांच्या दारचें पाणी न पिणारीं घरें आपण पाहिलीं आहेत. वडिलांनीं केलेला खोटा दस्तऐवज, थोरल्यानें दाबून ठेविलेला विधवा भावजयीचा वांटा, कचेरींत घेतलेले चिरीमिरीचे पैसे, हीं सर्व 'घरची गोष्ट घरांत' या एका वाक्याखालीं झांकलीं जातात. घरची गोष्ट घरांत राहावी, हें आम्हांसही मान्य आहे. पण ज्या मौनानें दुसऱ्याचा घात होतो तें मौन कुलीनपणाचें नव्हे. तसें मौन आणि सिसिलीच्या टोळीचें मौन यांत अंतर आहे तें प्रमाणाचें, जात एकच.

पुत् नांवाच्या नरकापासून पित्यास तारतो तो पुत्र, अशी या शब्दाची व्युत्पत्ति जुने लोक सांगत आले. पेप्पीनोनें बापाचा धंदा चालविला नाहीं, त्याची आज्ञा पाळिली नाहीं, त्याच्या मित्रांस मान दिला नाहीं. तरीही इम्पास्तातो हें नांव आज इटलींत आदरानें उच्चारलें जातें, तें केवळ त्या पुत्रामुळें आणि त्याच्या मातेमुळें. पितृऋण फेडण्याचा हाही एक प्रकार आहे. आपल्या घरांतला एखादा मुलगा उद्यां आपल्यासमोर उभा राहून 'बाबा, हें आपण बरें केलें नाहीं' असें म्हणाला, तर त्यास उद्धट म्हणून गप्प करण्यापूर्वीं घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं क्षणभर थांबावें, एवढीच आमची विनंति आहे.